'नटक्रॅकर' : फिरता बॅले, जुनी नाट्यगृहे आणि नाताळची तिकीटबारी

डिसेंबर उजाडला की अमेरिकेतील लहानमोठ्या शहरांच्या नाट्यगृहांबाहेर एकाच प्रयोगाच्या पाट्या झळकू लागतात. 'द नटक्रॅकर' हा तो बॅले. कुठे तो शहराची स्वतःची कंपनी सादर करते, कुठे एखादी फिरती मंडळी ट्रक-बसचा ताफा घेऊन एक-दोन रात्रींसाठी मुक्कामाला येते. वर्षभर बॅलेकडे न फिरकणारी कुटुंबेही नाताळच्या आठवड्यात मुलाबाळांसह या प्रयोगाला हजेरी लावतात. एके काळी रशियाच्या राजधानीत नापसंत ठरलेल्या या नृत्यनाट्याने परक्या भूमीवर एवढे मानाचे स्थान कसे मिळवले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्या इतिहासात दौऱ्यावर फिरणाऱ्या कंपन्यांचा आणि पाडापाडीतून बचावलेल्या जुन्या नाट्यगृहांचा वाटा फार मोठा आहे.

अडकित्त्याची गोष्ट

नटक्रॅकर म्हणजे अक्रोड फोडण्याचा अडकित्ता. जर्मनीत तो शिपायाच्या आकाराच्या लाकडी बाहुल्याच्या रूपात घडवला जातो. बाहुल्याच्या जबड्यात अक्रोड ठेवून पाठीमागची दांडी दाबली, की कवच फुटते. जर्मन लेखक ई. टी. ए. हॉफमन यांनी १८१६ मध्ये या बाहुल्याला नायक करून एक अद्भुत कथा लिहिली. तिचे सौम्य फ्रेंच रूपांतर अलेक्झांडर ड्युमा यांनी १८४४ मध्ये केले. बॅलेचे कथानक बेतले आहे ते या रूपांतरावर.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी एका सुखवस्तू घरात मेजवानी रंगलेली असते. घरातील मुलीला गूढ स्वभावाचा एक वडीलधारा पाहुणा हा अडकित्ता भेट देतो. काही प्रयोगांत मुलीचे नाव क्लारा, काहींत मारी, तर रशियन परंपरेत माशा असते. मध्यरात्री दिवाणखान्यातील नाताळवृक्ष उंच उंच वाढू लागतो, उंदरांची फौज चालून येते आणि बाहुला सैनिकांचा सेनापती होऊन लढतो. मुलगी उंदरांच्या राजाला जेरीस आणते, बाहुल्याचा राजपुत्र होतो आणि दोघे हिमवर्षावातून मिठाईच्या राज्यात जातात. दुसऱ्या अंकात तेथील शर्करापरीच्या दरबारात चॉकलेट, कॉफी, चहा अशा पदार्थांच्या नावाने निरनिराळ्या देशांची नृत्ये सादर होतात. कथा येथेच जवळजवळ संपते.

पहिल्या प्रयोगाचे अपयश

या बॅलेचा पहिला प्रयोग १८ डिसेंबर १८९२ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहात झाला. त्याच रात्री चायकोव्हस्की यांचा 'इओलांता' हा एकांकी ऑपेराही सादर झाला. बॅलेचे कथासूत्र आणि नृत्यांचा आराखडा मारियस पेतिपा या ज्येष्ठ नृत्यदिग्दर्शकांनी आखला होता. ते आजारी पडल्याने प्रत्यक्ष नृत्यरचना त्यांचे साहाय्यक लेव्ह इव्हानोव्ह यांच्याकडे आली.

समीक्षकांनी या प्रयोगावर टीकेची झोड उठवली. पहिल्या अंकात रंगमंचावर मुलांचीच गर्दी, मुख्य नर्तिकेचे दर्शन थेट दुसऱ्या अंकात आणि त्या अंकात नाट्य म्हणावे असे काहीच नाही, असे आक्षेप होते. रचनेच्या दृष्टीने ते अगदीच निराधार नव्हते. पुढे चमत्कारिक गोष्ट अशी घडली, की ज्या मुलांमुळे बॅले नापसंत ठरला, तीच मुले अमेरिकेत त्याच्या लोकप्रियतेचे मुख्य कारण ठरली.

संगीताचे नशीब मात्र पहिल्यापासून वेगळे होते. चायकोव्हस्की यांनी या संगीतातील निवडक तुकड्यांची एक वाद्यवृंदरचना तयार केली होती आणि ती बॅलेच्या आधीच, मार्च १८९२ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये वाजवली गेली. श्रोत्यांनी ती उचलून धरली. शर्करापरीच्या नृत्यासाठी त्यांनी सेलेस्टा हे नवे वाद्य योजले होते. पियानोसारख्या पट्ट्या असलेल्या या वाद्यातून घंटिकांसारखा किणकिणता नाद निघतो. पॅरिसमध्ये त्यांनी ते पाहिले आणि इतर रशियन संगीतकारांना सुगावा लागू नये याची दक्षता घेत मागवले. १८९३ च्या नोव्हेंबरमध्ये चायकोव्हस्की यांचे निधन झाले. आपल्या या रचनेचे जगभर काय होणार आहे, हे त्यांना पाहायला मिळाले नाही.

रशियाबाहेरचा प्रवास

मारिन्स्कीमध्ये नृत्यांची नोंद विशिष्ट चिन्हलिपीत करून ठेवण्याची पद्धत होती. त्या नाट्यगृहाचे निकोलाय सर्गेयेव्ह हे राज्यक्रांतीनंतर देश सोडताना अशा नोंदींची बाडे बरोबर घेऊन गेले. त्यांच्याच आधारे १९३४ च्या जानेवारीत लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात 'नटक्रॅकर' उभा राहिला. शर्करापरीच्या भूमिकेत ॲलिशिया मार्कोव्हा होत्या.

अमेरिकेत हा बॅले पोहोचला तो दौऱ्यावरच्या कंपनीमुळे. 'बॅले रूस द मोंटे कार्लो' ही स्थलांतरित रशियन कलावंतांची मंडळी महायुद्धाच्या काळात अमेरिकेत वास्तव्यास आली होती. १९४० च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क येथे तिने 'नटक्रॅकर'ची आटोपशीर आवृत्ती रंगमंचावर आणली आणि नंतर गावोगावच्या दौऱ्यांत ती सादर केली. ही मंडळी रेल्वेने प्रवास करी. नेपथ्य बांधायचे, सोडायचे आणि पुढचे गाव गाठायचे, हा तिचा नित्यक्रम होता. संगीत नाटकांच्या काळातील बिऱ्हाड पाठीवर घेतलेल्या नाटक कंपन्या ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या जीवनक्रमाची कल्पना सहज यावी. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये डिस्ने यांचा 'फँटेशिया' चित्रपट झळकला आणि 'नटक्रॅकर'चे सूर चित्रपटगृहांतूनही ऐकू येऊ लागले.

अमेरिकन कंपनीने केलेला पहिला संपूर्ण प्रयोग २४ डिसेंबर १९४४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉर मेमोरियल ऑपेरा हाऊसमध्ये झाला. नृत्यदिग्दर्शक विल्यम क्रिस्टेन्सन यांनी मूळ बॅले पाहिलेला नव्हता. दौऱ्यावर त्या शहरात आलेले जॉर्ज बालानशिन आणि अलेक्झांड्रा डॅनिलोव्हा या मारिन्स्कीच्या परंपरेत वाढलेल्या कलावंतांनी आपल्या आठवणींतून त्यांना तो समजावून सांगितला. युद्धामुळे कापडाची टंचाई असतानाही वेशभूषा जमवली गेली.

पुढे बालानशिन यांनी स्वतःची आवृत्ती २ फेब्रुवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या सिटी सेंटरमध्ये सादर केली. बालपणी मारिन्स्कीमध्ये त्यांनी या बॅलेत भूमिका केल्या होत्या, म्हणून त्यांनी मुलांच्या भूमिका मुलांनाच दिल्या. १९५७ आणि १९५८ या वर्षांच्या नाताळात हा बॅले दूरचित्रवाणीवरून देशभर दिसला. त्यानंतर प्रत्येक शहराला आपला 'नटक्रॅकर' हवासा वाटू लागला.

ऑडिटोरियमची कहाणी

बॅले आणि जुने नाट्यगृह यांचे नाते समजून घेण्यासाठी शिकागोचे ऑडिटोरियम थिएटर हे उत्तम उदाहरण आहे. डँकमार ॲडलर आणि लुई सलिव्हन या वास्तुविशारदांनी उभारलेल्या या नाट्यगृहाचे उद्घाटन ९ डिसेंबर १८८९ रोजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या उपस्थितीत झाले. आसनसंख्या चार हजारांच्या वर होती. एकामागून एक रुंदावत जाणाऱ्या सोनेरी कमानींवर विजेचे दिवे झगमगत. या कमानींमुळे रंगमंचावरचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोहोचे. नाट्यगृहाचा खर्च निघावा म्हणून त्याच इमारतीत हॉटेल आणि कार्यालयांसाठी गाळे बांधण्यात आले होते. कला स्वतःच्या पायावर उभी राहणार नाही, हे मालकांनी आरंभीच ओळखले होते.

'नटक्रॅकर'शी या वास्तूचा संबंध बॅलेच्या पहिल्या प्रयोगाहूनही जुना आहे. थिओडोर थॉमस यांच्या शिकागो वाद्यवृंदाने 'नटक्रॅकर'ची वाद्यवृंदरचना येथे ऑक्टोबर १८९२ मध्ये वाजवली. सेंट पीटर्सबर्गमध्ये बॅलेचा पडदा उघडायला तेव्हा अजून दोन महिने अवकाश होता.

१९२९ मध्ये शहराची ऑपेरा कंपनी नव्याने बांधलेल्या सिव्हिक ऑपेरा हाऊसमध्ये गेली आणि ऑडिटोरियमला उतरती कळा लागली. पाठोपाठ महामंदी आली. इमारत पाडण्याचा विचार झाला, परंतु एवढी भक्कम वास्तू पाडण्याचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून ती उभी राहिली. १९४१ मध्ये नाट्यगृह बंद पडले. महायुद्धाच्या काळात तेथे सैनिकांसाठी करमणूक केंद्र उघडण्यात आले आणि ज्या रंगमंचावर नामवंत गायिका उभ्या राहिल्या होत्या, त्यावर बोलिंगच्या खेळाच्या पट्ट्या आखण्यात आल्या. १९४६ मध्ये इमारत रूझवेल्ट विद्यापीठाकडे आली, तरी नाट्यगृह मात्र अंधारातच होते. १९६० मध्ये बिॲट्रिस स्पॅचनर यांच्या पुढाकाराने निधी उभारणी सुरू झाली. वास्तुविशारद हॅरी वीस यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार पूर्ण झाला आणि ३१ ऑक्टोबर १९६७ रोजी पडदा पुन्हा उघडला. त्या रात्री रंगमंचावर होती न्यूयॉर्क सिटी बॅले ही पाहुणी कंपनी. १९७५ मध्ये या वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

मोटारीतून निघालेली कंपनी

याच नाट्यगृहात पुढे स्थिरावलेल्या जॉफ्री बॅले कंपनीचा जन्मच दौऱ्यात झाला. संस्थापक रॉबर्ट जॉफ्री यांचे मूळ नाव अब्दुल्ला जाफा अन्वर बे खान. वडील अफगाण, आई इटालियन. १९५६ मध्ये सहा नर्तकांचा संच एका मागून घेतलेल्या मोटारीला सामानाची गाडी जोडून दौऱ्यावर निघाला. दौऱ्याची धुरा जेराल्ड आर्पिनो यांच्याकडे होती, तर जॉफ्री खर्चाची तोंडमिळवणी व्हावी म्हणून न्यूयॉर्कमध्ये शिकवण्या करीत राहिले.

जॉफ्री यांनी रचलेला 'नटक्रॅकर' १० डिसेंबर १९८७ रोजी आयोवा सिटी येथील विद्यापीठाच्या हँचर सभागृहात प्रथम सादर झाला. जर्मन घराऐवजी त्यांनी एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन घर दाखवले. ज्या गावी प्रयोग, त्या गावची मुले रंगमंचावर, ही प्रथा कंपनीने दौऱ्यात पाळली. तेव्हा जॉफ्री आजारी होते. मार्च १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे आर्थिक ओढाताणीत सापडलेल्या कंपनीने १९९५ मध्ये न्यूयॉर्क सोडून शिकागो गाठले आणि ऑडिटोरियममध्ये तिचा 'नटक्रॅकर' दर नाताळचा रिवाज झाला.

२०१६ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने ख्रिस्तोफर व्हील्डन यांची नवी आवृत्ती आणली. तिचे कथानक १८९२ च्या नाताळात, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाची उभारणी चालू असताना घडते. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने १८९३ मध्ये भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांनी भाषण केले होते. व्हील्डन यांची नायिका श्रीमंताघरची नाही. तिची विधवा आई प्रदर्शनासाठी पुतळा घडवणारी शिल्पकार आहे आणि नाताळची मेजवानी स्थलांतरित कामगारांच्या झोपडीत होते. मिठाईच्या राज्याच्या जागी प्रदर्शनातील देशोदेशींची दालने येतात. हा बॅलेही शिकागोच्या आधी आयोवात दाखवण्यात आला. तेथील जुने हँचर सभागृह २००८ च्या महापुरात निकामी झाले होते आणि नवे २०१६ मध्येच उघडले होते.

एका रात्रीचा संसार

फिरत्या 'नटक्रॅकर'चे गणित स्थायी कंपनीपेक्षा निराळे असते. न्यूयॉर्क सिटी बॅलेचा नाताळवृक्ष सुमारे १२ फुटांपासून ४१ फुटांपर्यंत वाढतो. ती यंत्रणा एका जागी पक्की बसवलेली असते. दौऱ्यावर असा वृक्ष नेणे शक्य नाही. तेथे वृक्ष कापडावर रंगवलेला किंवा घडी घालता येणारा असतो आणि तो रंगमंचावरील दोरखंडांच्या साह्याने वर ओढला जातो. विविधरंजनाच्या कार्यक्रमांसाठी किंवा मूकपटांसाठी बांधलेल्या जुन्या नाट्यगृहांत रंगमंचाची खोली कमी असते, विंगा अरुंद असतात आणि पडदे वर घेण्यास पुरेशी उंची नसते. त्यामुळे प्रत्येक मुक्कामी नेपथ्य कापूनछाटून बसवावे लागते आणि नर्तकांना रांगांमधले अंतर नव्याने जुळवावे लागते.

जमिनीचा प्रश्न आणखी नाजूक असतो. चवड्यांच्या टोकावर नाचणाऱ्या नर्तिकेला कठीण जमीन दुखापत करते आणि गुळगुळीत जमीन दगा देते. म्हणून रंगमंचावर व्हिनाइलचे पट्टे अंथरून त्यांचे जोड चिकटपट्टीने बंद केले जातात. हिमवर्षावाच्या प्रवेशासाठी वर टांगलेल्या झोळ्यांतून कागदाचे तुकडे भुरभुरवले जातात. हे तुकडे जळू नयेत अशी प्रक्रिया त्यांच्यावर केलेली असावी लागते आणि मध्यंतरात ते झाडून काढणे हे नेपथ्याएवढेच महत्त्वाचे काम असते.

संच लहान असल्याने एकच नर्तक पहिल्या अंकात पाहुणा, मग उंदीर आणि दुसऱ्या अंकात परदेशी पाहुणा अशा भूमिका पाठोपाठ करतो. वाद्यवृंद नेणे परवडत नसल्याने अनेक दौऱ्यांत ध्वनिमुद्रित संगीत वापरले जाते. जाणकार रसिकांना हे खटकते आणि वादकांच्या रोजगाराचा प्रश्नही त्यातून उभा राहतो. पण सर्वांत मोठी तयारी मुलांची असते. गावातील नृत्यशाळांतून मुले आधीच निवडली जातात, त्यांना तालमी दिल्या जातात आणि प्रयोगाच्या दिवशी ती व्यावसायिक नर्तकांबरोबर उभी राहतात. प्रत्येक मुलामागे आईवडील, आजीआजोबा, शेजारी असे प्रेक्षक येतात. तिकीटबारीच्या दृष्टीने हा हिशेब चोख आहे. मुलांच्या दृष्टीने मात्र शहरातील सर्वांत देखण्या वास्तूत पहिल्यांदा पाऊल ठेवण्याचा तो क्षण असतो आणि पुढच्या पिढीचे प्रेक्षक तेथेच घडतात.

एकाच खांबावरचा तंबू

अनेक अमेरिकन बॅले कंपन्यांच्या वार्षिक तिकीटविक्रीत सर्वांत मोठा वाटा या एकाच बॅलेचा असतो. नव्या, प्रायोगिक रचनांचा तोटा डिसेंबरच्या उत्पन्नातून भरून निघतो. नाट्यगृहांनाही नाताळचे भाडे, उपाहारगृह आणि वाहनतळ यांतून वर्षाचा आधार मिळतो. परंतु एकाच खांबावर तंबू उभारण्यात जोखीम असतेच. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे बहुसंख्य प्रयोग रद्द झाले, तेव्हा कंपन्यांच्या वर्षभराच्या अंदाजपत्रकालाच खिंडार पडले.

राजकारणाचीही झळ बसते. १९९३ पासून अमेरिकेत फिरणारा 'मॉस्को बॅले'चा 'ग्रेट रशियन नटक्रॅकर' हा दौरा अनेक शहरांत नाताळचा ठरलेला कार्यक्रम होता. दोन नर्तक प्रत्येकी एक पंख धारण करून साकारत असलेले शांतीचे कबूतर ही त्याची खूण होती. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर नावातील 'मॉस्को' आणि 'रशियन' हे शब्द गळाले आणि आयोजकांनी त्याच वर्षी 'नटक्रॅकर! मॅजिकल ख्रिसमस बॅले' या नावाने दौरा काढला.

दुसऱ्या अंकातील देशोदेशीच्या नृत्यांवरही पुनर्विचार झाला आहे. चहाच्या नृत्यात चिनी माणसाचे हास्यास्पद चित्रण होते, या आक्षेपानंतर न्यूयॉर्क सिटी बॅलेने २०१७ मध्ये त्यातील रंगभूषा आणि हालचाली बदलल्या. 'अरबी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नृत्याची चाल तर मुळात जॉर्जिया देशातील अंगाईगीताची आहे. पौर्वात्य देशांविषयीच्या एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कल्पना किती सैल होत्या, याचा हा बोलका पुरावा होय.

शिकागोत मात्र इतिहासाची पुनरावृत्ती झाली. जॉफ्री बॅलेने ऑडिटोरियम सोडले आणि २०२१ च्या डिसेंबरपासून तिचा 'नटक्रॅकर' लिरिक ऑपेरा हाऊसमध्ये होऊ लागला. १९२९ मध्ये ऑपेरा कंपनी ऑडिटोरियम सोडून जेथे गेली होती, तीच ही सिव्हिक ऑपेराची इमारत. ऐंशी वर्षांपूर्वी अशाच निर्गमनानंतर ऑडिटोरियमच्या रंगमंचावर बोलिंगचे चेंडू घरंगळले होते. या वेळी तसे घडले नाही. नाट्यगृह उघडे राहिले आणि पाहुण्या नृत्यसंस्थांचे प्रयोग तेथे पुढेही होत राहिले.

जुन्या वास्तूला स्मारकाचा दर्जा मिळाला, तरी तिच्या छताची गळती त्याने थांबत नाही. त्यासाठी प्रयोग लागतात, प्रयोगांसाठी प्रेक्षक लागतात आणि प्रेक्षकांना दरवर्षी परत यावेसे वाटेल असे काही तरी लागते. सेंट पीटर्सबर्गच्या समीक्षकांनी १८९२ मध्ये ज्याला मुलांचा पोरखेळ ठरवले, त्या बॅलेने अमेरिकेतील अनेक नाट्यगृहांसाठी हे काम केले आहे.